मैदानावर उजेड पाडताना

"काय उजेड पाडला रे तू?" हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने निकालाच्या दिवशी घरी ऐकलेला असतो. मला मात्र तो जानेवारी २०२५ च्या स्नेहसंमेलनात, भर मैदानात आणि अगदी शब्दशः ऐकावा लागला. वसतिगृहांच्या व्हॉलीबॉल स्पर्धेचा अंतिम सामना होता. मी तेव्हा तिसऱ्या वर्षाला, इलेक्ट्रिकलचा. "तू इलेक्ट्रिकलचा ना? मग लाइटिंग तुझ्याकडे!" एवढ्या भांडवलावर मला प्रकाशयोजनेचा प्रमुख करण्यात आले होते.

चार खांबांवर दोन-दोन असे ४०० वॅटचे आठ जुने मेटल हॅलाइड दिवे होते. (आपण त्यांना सरसकट 'हॅलोजन' म्हणतो. ते हॅलोजन नसतात, पण ते असो.) रात्री नऊच्या सुमारास, तिसरा सेट ऐन रंगात आलेला असताना, लाइन अर्धा सेकंद गेली आणि लगेच परत आली. वसतिगृहाच्या खोल्यांमधल्या ट्यूब पुन्हा लागल्या, पंखे फिरले. मैदानावरचे आठही दिवे मात्र विझले ते विझलेच.

आता माझा पराक्रम ऐका. दिवे लागत नाहीत म्हटल्यावर मी पळत जाऊन त्यांचा एमसीबी बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला. माइकचा अ‍ॅम्प्लिफायरही मी त्याच एमसीबीवर घेतला होता हे मला त्या घाईत आठवलेच नाही. माइक बंद पडला. सूत्रसंचालक "मित्रांनो, जागेवर बसून रा..." एवढे म्हणाला आणि त्याचा आवाज गेला. सुमारे तीनशे मुले अंधारात एकाच फाटकाकडे निघाली, कारण बाहेरची पोरे येऊ नयेत म्हणून दुसरे फाटक आम्हीच कुलूप लावून ठेवले होते. चालू फाटकासमोर तीन पायऱ्या. पहिल्या वर्षाचा एक मुलगा तिथे पडला, त्याच्यावर आणखी दोघे पडले. त्याच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर. त्याच्या ड्रॉइंगच्या शीटचे काय झाले असेल ते सांगायला नको.

दिवे बारा मिनिटांनी आपोआप लागले. त्यात माझे कर्तृत्व शून्य. नंतर मी त्या मुलाला भेटायला गेलो तेव्हा तो रागावला नाही. फक्त म्हणाला, "भाऊ, लाइट गेली ते ठीक आहे. पण कोणी काही बोललं का नाही?"

या एका प्रश्नाने मला वर्षभर अभ्यासाला लावले. दिवे, सुरक्षा आणि संदेशवहन या तीन वेगवेगळ्या गोष्टी नाहीत, एकाच गोष्टीची तीन अंगे आहेत, हे मला तेव्हा कळले. तोच अभ्यास या लेखात मांडत आहे. आकडेमोड थोडी आहे, पण घाबरू नका, बारावीच्या पुढची नाही.

लक्स म्हणजे काय रे भाऊ?

दिव्यातून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो ते ल्यूमेनमध्ये मोजतात. तो प्रकाश एक चौरस मीटर जागेवर किती पडतो ते लक्समध्ये. म्हणजे एका चौरस मीटरवर एक ल्यूमेन पडला की एक लक्स. अंदाज यावा म्हणून सांगतो: पौर्णिमेचे चांदणे पाव लक्सच्या आसपास, अभ्यासिकेतल्या टेबलावर ३०० लक्स असावेत अशी अपेक्षा, आणि आपल्या वऱ्हाडातले मे महिन्याचे दुपारचे ऊन एक लाखाच्या घरात. आपला डोळा ही सगळी उलथापालथ सहन करतो. कॅमेरा करत नाही. म्हणून गावातल्या सामन्याला २०० लक्स पुरतात, तर टीव्हीवर दाखवायच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेटला दीड ते अडीच हजार लक्स लागतात.

एक बारकावा इथे महत्त्वाचा आहे. आपण लक्समीटर जमिनीवर आडवा ठेवून मोजतो तो आडव्या पृष्ठभागावरचा प्रकाश. कॅमेऱ्याला गवत नाही, खेळाडूचा चेहरा पाहायचा असतो. म्हणून उभ्या पृष्ठभागावरचा प्रकाशही वेगळा मोजावा लागतो. आणि सरासरीवर भाळून चालत नाही. सरासरी २०० लक्स आहे, पण एका कोपऱ्यात ४० च असतील, तर चेंडू त्या कोपऱ्यात गेला की तो दिसेनासा होतो. किमान भागिले सरासरी हे गुणोत्तर साध्या खेळासाठी निदान ०.५ तरी हवे. भारतीय मानक ब्यूरोची राष्ट्रीय प्रकाश संहिता, म्हणजे एसपी ७२ : २०१०, हा या विषयावरचा आपल्याकडचा मूळ ग्रंथ. मानके म्हटली की आपण परीक्षेपुरता नंबर पाठ करतो. एकदा आतली पाने उलटून पाहा.

एका मैदानाचा हिशोब

६ फेब्रुवारी २०२५ रोजी नागपूरजवळच्या जामठा स्टेडियमवर भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना होता. आम्ही तिघे मित्र रेल्वेने गेलो. दोघे सामना पाहत होते, मी दिवे. (दोघांनीही मला नंतर बरेच सुनावले.) एवढ्या मोठ्या मैदानाला किती दिवे लागत असतील? कोणत्याही विशिष्ट स्टेडियमचे नव्हे, एका काल्पनिक मैदानाचे गणित करून पाहू.

समजा, मैदानाची त्रिज्या ७० मीटर. क्षेत्रफळ सुमारे १५,४०० चौरस मीटर. हवे आहेत १५०० लक्स. म्हणजे जमिनीवर २ कोटी ३१ लाख ल्यूमेन पोहोचले पाहिजेत. 'पोहोचले' हा शब्द महत्त्वाचा. दिव्यातून निघालेला सगळा प्रकाश मैदानात पडत नाही, काही प्रेक्षकांवर, काही आकाशात जातो. समजा ४० टक्केच कामी आला, म्हणजे उपयोग गुणांक ०.४. शिवाय काचेवर धूळ बसते, दिवा म्हातारा होतो, त्यासाठी देखभाल गुणांक ०.८ धरू. सूत्र असे:

दिव्यांची संख्या = (लक्स × क्षेत्रफळ) ÷ (एका दिव्याचे ल्यूमेन × उपयोग गुणांक × देखभाल गुणांक)

१५०० वॅटचा एलईडी फ्लडलाइट वॅटला १३० ल्यूमेन देतो असे धरले तर एका दिव्याचे १,९५,००० ल्यूमेन. उत्तर येते ३७०. चार मनोऱ्यांवर सारखे वाटायचे म्हणून ३७२, म्हणजे प्रत्येकी ९३. एकूण भार ५५८ किलोवॅट. हेच काम २००० वॅटच्या मेटल हॅलाइडने केले तर तो दिवा लवकर मंदावतो म्हणून देखभाल गुणांक ०.७ घ्यावा लागतो. दिवे लागतात ४१६ आणि चोकसकट भार जातो ८७० किलोवॅटच्या आसपास. एलईडीकडे सगळे का वळले हे वेगळे सांगायला नको.

आता मनोरे एवढे उंच का? चेंडू झेलण्यासाठी वर पाहणाऱ्या खेळाडूचे डोळे दिपू नयेत म्हणून. मैदानाच्या मध्यापासून दिव्याकडे पाहिल्यावर नजरेचा कोन जमिनीशी निदान २५ अंशांचा असावा, असा ढोबळ नियम आहे. मनोरा मध्यापासून १०० मीटरवर असेल तर उंची येते १०० गुणिले टॅन २५, म्हणजे सुमारे ४७ मीटर. आपल्या नांदुऱ्याची हनुमानाची मूर्ती १०५ फूट, म्हणजे ३२ मीटर. मनोरा तिच्यापेक्षाही उंच! त्यावर वाऱ्याचा दाब येतो, म्हणून हे काम आपल्या सिव्हिलच्या मित्रांशिवाय होत नाही. उंच धातूचा मनोरा म्हणजे विजेला आमंत्रण, त्यामुळे तडित संरक्षण आणि अर्थिंगही आलेच. अर्थिंगसाठी आयएस ३०४३ पाहावे.

बारा मिनिटांचे रहस्य

मेटल हॅलाइडच्या आतल्या नळीत पारा आणि धातूंच्या क्षारांची वाफ असते. दिवा चालू असताना ही वाफ प्रचंड दाबाखाली असते. लाइन अर्धा सेकंद जरी गेली तरी आतला विद्युत कंस, म्हणजे आर्क, तुटतो. परत ठिणगी पाडायची तर नेहमीच्या इग्निटरचा व्होल्टेज त्या दाबाला पुरा पडत नाही. नळी थंड झाली, दाब उतरला, तरच दिवा पेटतो. याला दहा ते पंधरा मिनिटे लागतात. म्हणजे मी एमसीबीशी जी झटापट केली ती निव्वळ निरर्थक होती. दिवा थकलेला होता, मी त्याला चापट्या मारत होतो.

माझ्यासारखीच फजिती जगात मोठमोठ्यांची झाली आहे. ३ फेब्रुवारी २०१३ रोजी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये सुपर बोलचा अंतिम सामना चालू असताना अर्धे स्टेडियम अंधारले. खेळ ३४ मिनिटे थांबला. दोष निघाला एका रिलेत. गंमत म्हणजे तो रिले बिघाडापासून संरक्षण करण्यासाठी मुद्दाम बसवला होता! संरक्षण करणारे उपकरणच चुकीच्या वेळी ट्रिप झाले. स्विचगिअरच्या पेपरात 'रिलेचे को-ऑर्डिनेशन' हा प्रश्न आपण ऑप्शनला टाकतो, त्याची किंमत ही. तिथेही दिवे मेटल हॅलाइडच होते, त्यामुळे वीज आली तरी पूर्ण उजेड यायला वेळ लागला.

एलईडी लगेच लागतो, हे खरे. पण तोही साधुसंत नाही. त्याच्या ड्रायव्हरमधला कपॅसिटर चालू होताना क्षणभर मोठा करंट ओढतो. शंभर दिवे एकदम चालू केले तर एमसीबी उडतो. म्हणून दिवे टप्प्याटप्प्याने चालू करतात, आणि एमसीबी बी नव्हे, सी किंवा डी प्रकारचा निवडतात.

जनरेटर आहे ना, मग काळजी कशाला?

मोठ्या स्टेडियमला वीज ११ किंवा ३३ केव्हीवर येते. शक्यतो दोन वेगवेगळ्या फीडरवरून. ट्रान्सफॉर्मरने ती ४३३ व्होल्टपर्यंत उतरवतात. लाइन गेली तर एएमएफ पॅनल जनरेटर आपोआप सुरू करतो, पण त्यालाही दहा-पंधरा सेकंद लागतात. ती फट भरून काढतो यूपीएस. नियंत्रण कक्ष, कॅमेरे, ध्वनिक्षेपक आणि आपत्कालीन दिवे यूपीएसवरच हवेत.

जामठ्याचा सामना पाहून आम्ही परतलो आणि तीनच दिवसांनी, ९ फेब्रुवारी २०२५ ला, त्याच मालिकेतला दुसरा सामना कटकला होता. भारताची फलंदाजी सुरू असताना एका मनोऱ्याचे दिवे गेले आणि खेळ जवळपास अर्धा तास थांबला. मनोऱ्याला दुसरा जनरेटर होता. पण तो जोडायला वेळ लागला, कारण मध्ये गाडी उभी होती, असे आयोजकांनी नंतर सांगितले. सिंगल लाइन डायग्राममध्ये दोन जनरेटर असतात. त्यांच्यामध्ये उभी राहणारी गाडी कोणत्याही डायग्राममध्ये नसते!

आपल्या मुंबईचेही उदाहरण आहे. १२ मे २०२२ रोजी वानखेडेवर चेन्नई आणि मुंबई यांच्यातील आयपीएल सामन्यात वीज खंडित झाल्यामुळे सुरुवातीच्या काही चेंडूंना डीआरएस उपलब्ध नव्हते. दुसऱ्याच चेंडूवर डेव्हन कॉनवे पायचीत दिला गेला आणि त्याला दाद मागता आली नाही. सामना चालू होता, पण न्याय मागायची सोय बंद होती. चेन्नईचा डाव ९७ धावांत संपला. आणि रायपूरला १ डिसेंबर २०२३ च्या भारत-ऑस्ट्रेलिया सामन्याच्या वेळी तर कोट्यवधींच्या वीजबिलाच्या थकबाकीमुळे स्टेडियमची कायमची जोडणी तोडलेली होती, फ्लडलाइट जनरेटरवर चालवावे लागले. तात्पर्य, वीजव्यवस्थेत बिल भरणे हाही एक घटक असतो.

या सगळ्यातून एकच सूत्र हाती लागते: सगळी अंडी एका टोपलीत ठेवायची नाहीत हे सगळ्यांना माहीत असते, पण टोपल्या वेगळ्या असून त्या एकाच खुंटीला टांगलेल्या नाहीत ना, हे कोणी पाहत नाही. माझी खुंटी म्हणजे तो एक एमसीबी.

कॅमेरा पाहतो, पण ओळखतो का?

आता सुरक्षेकडे वळू. १७ एप्रिल २०१० रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमच्या बाहेरच्या भिंतीजवळ आयपीएल सामन्यापूर्वी स्फोट झाले आणि लोक जखमी झाले. तेव्हापासून झडती, मेटल डिटेक्टर आणि कॅमेरे याकडे सगळे अधिक गांभीर्याने पाहू लागले.

कॅमेरा किती मेगापिक्सलचा, हा दुकानातला प्रश्न झाला. इंजिनिअरचा प्रश्न आहे: दृश्यातल्या एका मीटर रुंदीला किती पिक्सल मिळतात? आयईसी ६२६७६ या मानकानुसार माणूस आहे एवढे कळायला मीटरला २५ पिक्सल, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, आणि अनोळखी माणसाची खात्रीशीर ओळख पटवायला २५० पिक्सल लागतात. चार मेगापिक्सलच्या कॅमेऱ्याची आडवी रुंदी २५६० पिक्सल. भागिले २५०, म्हणजे जेमतेम दहा मीटर. पूर्ण मैदान एका कॅमेऱ्यात 'कव्हर' केले असे कोणी म्हणाले तर समजावे की त्यात माणसे दिसतील, चेहरे नाहीत.

साठवणही पाहू. एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट पाठवत असेल तर दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट, महिन्याला १.३ टेराबाइट. २०० कॅमेऱ्यांचे महिन्याला २६० टेराबाइट. एवढा प्रवाह वाहून न्यायला स्टेडियमभर फायबरचे कडे टाकतात. कडेच का? एका जागी केबल तुटली तरी माहिती दुसऱ्या बाजूने फिरून पोहोचते.

पण सुरक्षा म्हणजे फक्त चोर-दहशतवादी नव्हेत. मोठ्या दुर्घटना बहुतेक वेळा गर्दीच्या असतात. नोव्हेंबर १९९५ मध्ये नागपूरच्या जुन्या व्हीसीए मैदानावर भारत-न्यूझीलंड सामन्याच्या मध्यंतरात नव्या स्टँडची भिंत कोसळली आणि प्रेक्षक मृत्युमुखी पडले. सामना मात्र पुढे खेळला गेला. एका बाजूला माणसे मेलेली आणि दुसऱ्या बाजूला टाळ्या! ४ जून २०२५ रोजी बंगळूरलाच, चिन्नास्वामीच्या फाटकांबाहेर विजयोत्सवाच्या गर्दीत ११ जणांचा जीव गेला. तिथे दिवे गेले नव्हते, भर दिवसाची गोष्ट. एका चौरस मीटरमध्ये चार-पाचपेक्षा जास्त माणसे झाली की गर्दी माणसांसारखी वागत नाही, पाण्यासारखी वाहते. मग मागच्याला पुढचे काही कळत नाही.

म्हणून फाटकांचे गणित दिव्यांइतकेच महत्त्वाचे. ब्रिटनमधील स्टेडियम सुरक्षेच्या मार्गदर्शिकेनुसार एका फिरत्या फाटकातून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसे धरावीत. ४५,००० प्रेक्षक दीड तासात आत घ्यायचे तर ४६ फाटके हवीत. पण प्रत्येकाच्या झडतीला १५ सेकंद लागले तर तासाला २४० च माणसे जातील आणि फाटके लागतील १२५! झडती वाढवायची आणि फाटके तेवढीच ठेवायची, याचा अर्थ सुरक्षेसाठीच बाहेर चेंगराचेंगरीची तयारी करायची. बाहेर पडताना सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ आणि पायऱ्यांवरून ६६ माणसे, असा हिशोब आहे. आपल्या फाटकाची रुंदी १.२ मीटर, समोर पायऱ्या. तीनशे मुलांना ३.८ मिनिटे. दुसरे तेवढेच फाटक उघडे असते तर १.९ मिनिटे. हे मी कुलूप लावण्याआधी कागदावर मांडायला हवे होते. त्याला दोन मिनिटे लागली असती.

कोणी काही बोललं का नाही?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. गर्दीला अंधारापेक्षा जास्त भीती वाटते ती काय चालले आहे ते न कळण्याची. शेगावला प्रकट दिनी जाऊन पाहा. लाखो माणसे, पण रांगेत जागोजागी सेवेकरी उभे, शांत आवाजात सूचना चालू, "माउली, पुढे चला." पुढे काय आहे ते माणसाला कळत राहिले की तो ढकलत नाही. ही व्यवस्था सर्किट डायग्रामशिवाय उभी आहे, पण तत्त्व तेच.

ध्वनिक्षेपकाचे भौतिकशास्त्र सोपे आहे. अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. एक भोंगा एक मीटरवर १२० डेसिबल देत असेल तर ३२ मीटरवर ९० उरतात. ओरडणारी गर्दी सहज ८५-९० डेसिबलला जाते, आणि सूचना गर्दीच्या वर निदान १० डेसिबल असावी लागते. म्हणून एकच मोठा भोंगा लावण्यापेक्षा लहान लहान भोंगे पसरून लावणे बरे. पण मग दुसरी अडचण. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तारेतला संकेत मात्र तत्काळ. १०० मीटर लांबच्या प्रेक्षकाला जवळच्या भोंग्याचा आवाज आधी आणि व्यासपीठाजवळच्या भोंग्याचा ०.३ सेकंदांनी ऐकू येतो. शब्दांची खिचडी होते. म्हणून लांबच्या भोंग्यांना तेवढाच मुद्दाम उशीर दिला जातो. तारा लांब असतात म्हणून १०० व्होल्ट लाइन वापरतात. व्होल्टेज वाढवा, करंट कमी करा, तारेतला ऱ्हास वाचवा. कोराडीहून मुंबईला वीज नेण्याची जी युक्ती, तीच इथे आवाजाला!

मोबाइलवर विसंबू नये. हजारो फोन एका टॉवरवर आले की कोणाचाच लागत नाही. म्हणून सुरक्षारक्षक, डॉक्टर, अग्निशमन आणि वीज विभाग यांच्यात वॉकीटॉकी आणि तारेचा थेट फोन हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचे, कोणी काय बोलायचे हे आधी ठरलेले हवे.

या वर्षीचा आराखडा

एवढे सगळे वाचून झाल्यावर मी आपल्या व्हॉलीबॉल मैदानाचा आराखडा केला. सरांनी तो दोनदा लाल पेनने रंगवला, तिसऱ्यांदा सही केली. थोडक्यात देतो, इतर वसतिगृहांनाही उपयोगी पडेल.

१) कोर्ट १८ × ९ मीटर, चारही बाजूंना ३ मीटर मोकळी जागा, एकूण ३६० चौरस मीटर. २०० वॅटचा, २४,००० ल्यूमेनचा एलईडी. वरच्या सूत्राने २०० लक्ससाठी ९.४ दिवे, आपण घेतले १२. त्यामुळे २५६ लक्स. भार फक्त २.४ किलोवॅट, जुन्या दिव्यांना ३.२ किलोवॅट आणि वर चोक लागत होते.

२) चार खांब कोर्टच्या लांब बाजूंना. सर्व्हिस लाइनच्या मागे एकही दिवा नाही, नाहीतर समोरच्या खेळाडूच्या थेट डोळ्यांत जातो. उंची ८ मीटर.

३) प्रत्येक खांबावर तीन दिवे, आर, वाय, बी या तीन फेजवर एकेक. एक फेज गेली तरी प्रत्येक खांबाचे दोन दिवे चालू राहतात आणि १७० लक्स उरतात. खेळ थांबेल कदाचित, पण अंधार होणार नाही.

४) याचा एक फायदा मला आधी दिसलाच नव्हता. पॅनलपासून ८० मीटर तार, २.५ चौरस मिलिमीटर तांबे. सगळा भार एका फेजवर घेतला असता तर करंट ११ अँपिअर आणि व्होल्टेज ड्रॉप १३ व्होल्ट, म्हणजे ५.७ टक्के. तीन फेजवर समतोल वाटला की प्रत्येकी ३.७ अँपिअर आणि ड्रॉप अवघा २.२ व्होल्ट. तार तीच, पण ऱ्हास एक षष्ठांश! पुस्तकातला समतोल भार पहिल्यांदा अंगावर आला.

५) प्रत्येक खांबाला अर्थिंग, प्रत्येक सर्किटला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी. ओल्या गवतावर अनवाणी खेळणारी पोरे असतात, इथे काटकसर नाही.

६) माइकची लाइन पूर्ण वेगळी. शिवाय अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे १२ व्होल्टची बॅटरी जोडायला दोन टर्मिनल असतात, ती आजवर कोणी वापरलीच नव्हती. ४० अँपिअर-अवरची एक बॅटरी जोडली की लाइन नसतानाही तीन-चार तास बोलता येते.

७) दोन्ही फाटके उघडी, प्रत्येकी दोन स्वयंसेवक. पायऱ्यांवर बॅटरीचे दिवे, लाइन गेली की आपोआप लागणारे. पायऱ्यांच्या कडेला पांढरा रंग. वाटेवर एक लक्स मिळाला तरी माणूस पडत नाही. चांदण्याच्या चौपट, बस.

८) माइकजवळ एक पुठ्ठा टांगलेला. त्यावर मोठ्या अक्षरात: "मित्रांनो, लाइट गेली आहे, काही धोका नाही. जागेवर बसा. दोन्ही फाटके उघडी आहेत." घाईत माणसाला शब्द सुचत नाहीत, वाचता मात्र येतात.

या जानेवारीत अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री आम्ही तालीम केली. वायरमन काकांनी मुद्दाम एक फेज काढली. चार दिवे गेले, आठ राहिले. मग मेन बंद केला. पायऱ्या उजळल्या, माइक बोलू लागला. माइकवर कोण होता? मनगट मोडलेला तोच मुलगा, आता दुसऱ्या वर्षाला. पुठ्ठा वाचायचे काम त्याने स्वतःहून मागून घेतले होते. वाचून झाल्यावर तो माझ्याकडे वळून म्हणाला, "भाऊ, ऐकू येते आहे मागपर्यंत."

दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात लाइन गेलीच नाही. एवढ्या तयारीचा काहीच उपयोग झाला नाही. मित्रांनो, आपल्या धंद्यात यालाच यश म्हणतात.